इंधन पेट घेते तो क्षण
(उच्च उष्णतामान आणि उच्च दाब यांखाली प्रज्वलनाचा अभ्यास)

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग स्थानकानंतर भिलाई लागते. भिलाईच्या उत्तरेस काही कोसांवर अहिवारा हे लहानसे नगर आहे व त्याच्या शेजारीच नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी आहेत. सोव्हिएट रशियाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारान्वये भिलाईस पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले, तेव्हा हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात मोडत असे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. लोखंडाच्या खनिजातील माती व राख वितळवून वेगळी काढण्यासाठी झोतभट्टीला चुनखडी लागते. भिलाईच्या भट्ट्यांना ती नंदिनीहून पुरविली जात आली आहे.

अशा उघड्या खाणीच्या तळाशी दगड भरून एखादा डंपर चढणीला लागला की त्याच्या एंजिनाचा आवाज दूरवर ऐकू येतो. त्या एंजिनात ठिणगी पाडणारे कोणतेही साधन नसते. दट्ट्या वर येतो, हवा दाबली जाते, तीत डिझेल तेलाचा फवारा सोडला जातो आणि तेल आपोआप पेटते. तिकडे भिलाईत झोतभट्टीच्या तळाशी तापलेल्या हवेच्या झोतात कोळशाची भुकटी सोडली जाते. तीही काडी न लावता पेटते. तेल असो वा कोळसा, दोन्ही ठिकाणी इंधनास पेट घेण्यासाठी मिळणारा अवधी सेकंदाच्या शंभराव्या भागाहून फारसा मोठा नसतो. एवढ्या अवधीत नेमके काय घडते आणि ते मोजावयाचे कसे, हा प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे.

प्रज्वलनाचा अंश आणि प्रज्वलनाचा अवधी

पाणी शंभर अंशांवर उकळते, त्याप्रमाणे प्रत्येक इंधनाचा पेट घेण्याचा एक ठराविक अंश असला पाहिजे, असा सर्वसाधारण समज आहे. कोष्टकांतून तसे आकडे दिलेलेही असतात. डिझेल तेलापुढे बहुधा २१० ते २५० अंश सेंटिग्रेडच्या आसपासचा आकडा आढळतो. परंतु हा आकडा काचेच्या एका विशिष्ट भांड्यात, साध्या हवेच्या दाबाखाली, कित्येक सेकंद वाट पाहून काढलेला असतो. भांडे लहान घेतले तर आकडा वर चढतो आणि दाब वाढविला तर तो खाली येतो. उत्कलनांक हा पदार्थाचा गुण आहे. प्रज्वलनाचा अंश हा पदार्थ, भांडे, दाब आणि वेळ या चौघांमधील एक तडजोड आहे, असे म्हणावे लागते.

याचे कारण रशियन शास्त्रज्ञ निकोलाय सेमेनॉव्ह यांनी स्पष्ट करून दाखविले. इंधन व प्राणवायू यांचा संयोग थंड अवस्थेतही अत्यंत मंद गतीने चालूच असतो आणि त्यातून थोडी उष्णता निघत असते. ती भांड्याच्या भिंतींवाटे निघून जाते तोवर काही घडत नाही. मात्र उष्णतामान वाढले की संयोगाचा वेग दामदुपटीने चढतो, तर भिंतींवाटे जाणारी उष्णता केवळ सरळ प्रमाणात वाढते. जमा खर्चाच्या पुढे गेली की मिश्रण स्वतःच स्वतःला तापवू लागते आणि मग परतीची वाट उरत नाही. कोळशाचे मोठे ढीग आतून तापून धुमसू लागतात तेही याच न्यायाने. ढीग जितका मोठा तितकी आतील उष्णतेला बाहेर पडावयास वाट कमी. खाणीवरील व रेल्वेच्या आवारातील जुन्या माणसांना हे सिद्धान्तावाचूनही ठाऊक असते.

म्हणून आजचा संशोधक ‘किती अंशांवर पेटते?’ असे न विचारता ‘एवढ्या अंशांवर, एवढ्या दाबाखाली, किती वेळाने पेटते?’ असे विचारतो. मिश्रण त्या अवस्थेस पोचल्यापासून प्रत्यक्ष भडका होईपर्यंत जो काळ जातो त्यास प्रज्वलनविलंब म्हणतात.

या विलंबाचा परिणाम ज्याने थंडीच्या सकाळी विहिरीवरचे तेलएंजिन सुरू केले आहे त्याच्या कानावरून गेलेलाच आहे. किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली आणि पुढील काळात पुण्याजवळ खडकीस तयार झालेली एंजिने महाराष्ट्राच्या शिवारांतून सर्वत्र दिसू लागली. थंड एंजिन प्रथम ठकठक आवाज करते व गरम झाल्यावर तो आवाज मंदावतो. थंड सिलिंडरात विलंब लांबतो. त्या वेळात फवारा चालूच असल्याने बरेच तेल साचते आणि मग ते सारे एकदम पेटून दट्ट्यावर हातोड्यासारखा आघात करते. विलंब आखूड असेल तर तेल जसे येते तसे जळत जाते. एंजिनाचा आवाज, त्याचे आयुष्य, धुरातील काजळी या साऱ्यांचा संबंध या अतिसूक्ष्म कालखंडाशी येतो.

दट्ट्याने दाबलेली हवा

वायू झटकन दाबला की तापतो. आग्नेय आशियातील लोक बांबूच्या वा लाकडाच्या पोकळ नळीत दट्ट्या जोराने मारून तळाशी ठेवलेला कापूस पेटवीत असत. सायकलीत हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते ते अंशतः याच कारणाने. रूडॉल्फ डीझेल यांनी १८९७ मध्ये औग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेले एंजिन याच तत्त्वावर चालते. ३०० केल्व्हिनची, म्हणजे सुमारे २७ अंशांची, हवा उष्णता मुळीच बाहेर जाऊ न देता सोळाव्या हिश्श्यात दाबली, तर हिशेबाने तिचे उष्णतामान सुमारे ६३५ अंश आणि दाब वातावरणाच्या सुमारे ४८ पट होतो. प्रत्यक्षात उष्णता सिलिंडराच्या भिंतींत शिरते, त्यामुळे आकडे काहीसे खाली येतात. तरी तेल पेटण्यास ते पुरेसे होतात.

मग एंजिनातच विलंब मोजावा हे उघड वाटते, आणि तसा तो मोजतातही. डिझेलची प्रत ठरविणारा सीटेन अंक एका प्रमाणित एकसिलिंडरी एंजिनावरच काढला जातो. हे एंजिन मिनिटास ९०० फेरे करते आणि फवारा सुटल्यापासून पेट होईपर्यंत दांड्याचा कोन नेमका १३ अंश फिरावा, अशा बेताने हवेचे दाबप्रमाण जुळवितात. ९०० फेरे म्हणजे सेकंदास ५४०० अंश. तेव्हा १३ अंशांना सेकंदाचे सुमारे २.४ सहस्रांश लागतात. ज्या तेलाला एवढ्याच विलंबासाठी कमी दाब पुरतो ते तेल सहज पेटणारे, अर्थात वरच्या अंकाचे. शुद्ध सीटेन या हायड्रोकार्बनाचा अंक १०० मानला आहे. भारतात मोटारगाड्यांच्या डिझेलचा अंक किमान ५१ असावा असा दंडक आहे.

परंतु रसायनज्ञाचे समाधान एवढ्याने होत नाही. एंजिनात फवाऱ्याचे थेंब फुटणे, त्यांची वाफ होणे, ती हवेत मिसळणे आणि शेवटी रासायनिक संयोग होणे ही सारी कामे एकाच वेळी चालू असतात. यांतील प्रत्येकाचा वाटा किती, हे एंजिन सांगत नाही. त्यासाठी वाफ व हवा आधीच एकजीव केलेले मिश्रण घेऊन ते एकाएकी तप्त व दाबयुक्त अवस्थेस नेले पाहिजे. तो प्रवास प्रज्वलनविलंबापेक्षा पुष्कळच कमी वेळात पुरा व्हावा ही अट आहे. वाटेतच मिश्रण पेटू लागले तर मोजमाप कशाचे करावयाचे?

या कामाचे पहिले यंत्र साधे होते. फॉक या संशोधकाने १९०६ मध्ये नेर्न्स्ट यांच्या सूचनेवरून हायड्रोजन व प्राणवायू यांचे मिश्रण सिलिंडरात भरले आणि दट्ट्यावर वरून वजन टाकून ते दाबले. आजच्या शीघ्रसंपीडन यंत्रात वजनाची जागा दाबलेल्या हवेने घेतली आहे. दट्ट्या सेकंदाच्या दोन-तीन शतांशांत आपली धाव संपवितो आणि शेवटी तेलाच्या दाबाने जागच्या जागी जखडला जातो. त्यानंतर मिश्रण कोंडलेल्या अवस्थेत स्वस्थ बसून राहते व दाबमापकाची रेषा आडवी धावू लागते. ती एकाएकी उभी चढली की पेट झाला. दाब दहापासून पन्नास वातावरणांपर्यंत व त्याहूनही अधिक, उष्णतामान साधारण ३५० ते ८०० अंश आणि विलंब एक सहस्रांश सेकंदापासून शंभर सहस्रांशांपर्यंत, हे या यंत्राचे क्षेत्र होय.

यात दोन युक्त्या लक्षात घेण्याजोग्या आहेत. दट्ट्या पुढे सरकताना भिंतीलगतचा थंड थर खरवडला जाऊन त्याचे भोवरे मध्यभागी शिरतात आणि तेथील उष्णतामान बिघडवितात. म्हणून दट्ट्याच्या कडेला एक खाच कोरलेली असते व थंड थर तीत गिळला जातो. दुसरी युक्ती हवेसंबंधी आहे. हवेतील नत्रवायूच्या जागी काही अंशी आर्गॉन घातला, तर त्याच धावेत मिश्रण अधिक तापते. कार्बन डायॉक्साइड घातला तर कमी तापते. कारण तापावयास प्रत्येक वायूला लागणारी उष्णता निरनिराळी असते. यंत्राला हात न लावता केवळ मिश्रण पालटून उष्णतामान हवे तसे लावता येते.

आघातनलिका

उष्णतामान ८०० अंशांच्या वर गेले की विलंब सहस्रांश सेकंदाहून आखूड होतो व कोणताही दट्ट्या तितक्या चपळाईने धावू शकत नाही. तेथे आघातनलिका कामी येते. धूररहित बंदुकीच्या दारूचे जनक पॉल व्येय्य या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये असे पहिले उपकरण तयार केले. त्याची रचना इतकी सरळ आहे की तिच्यातून एवढे बारीक मोजमाप निघते यावर प्रथम विश्वास बसत नाही.

एक लांब, मजबूत, गुळगुळीत नळी घ्यावयाची आणि मध्ये पातळ पडदा बसवून तिचे दोन भाग करावयाचे. एका भागात हेलियमसारखा हलका वायू खूप दाबाने भरतात. दुसऱ्या भागात परीक्षेचे मिश्रण विरळ स्थितीत ठेवतात. पडदा फुटताच दाबलेला वायू पुढे झेपावतो आणि त्याच्या पुढे आघाततरंग धावू लागतो. या तरंगाची जाडी इतकी थोडी असते की मिश्रणाचा कोणताही थर तो ओलांडताना जवळजवळ तत्क्षणी तापतो व दाबला जातो. तरंग नळीच्या बंद टोकावर आपटून परत फिरतो, तेव्हा आधीच तापलेला वायू दुसऱ्यांदा तापून स्थिर उभा राहतो. याच परावर्तित तरंगामागील वायूत प्रज्वलन पाहतात. २००० अंशांच्या पलीकडील उष्णतामानही येथे सहज लाभते, परंतु ती स्थिती टिकते फक्त एक-दोन सहस्रांश सेकंद. तेवढ्यात काय ते पाहून घ्यावयाचे.

आता असा प्रश्न येतो की, सहस्रांश सेकंदात उष्णतामापक काय वाचणार? तो काहीच वाचत नाही. नळीच्या भिंतीत ठराविक अंतरांवर बसविलेले दाबमापक तरंग आल्याची वर्दी देतात व तेवढ्यावरून तरंगाचा वेग निघतो. वेग कळला की वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेच्या नियमांवरून तरंगामागील दाब व उष्णतामान गणिताने मिळते. दोन मापकांमध्ये ४५ सेंटिमीटर अंतर आहे व तरंगाचा वेग सेकंदास ९०० मीटर आहे असे समजू. अंतर तोडण्यास ५०० मायक्रोसेकंद लागतील. त्यांत केवळ एका मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर उष्णतामानात तीन-चार अंशांचा फरक पडतो.

हा फरक क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाही. बहुतेक हायड्रोकार्बन इंधनांच्या बाबतीत उष्णतामान ७२५ वरून ८२५ अंशांवर नेले की विलंब सुमारे चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे तीन-चार अंशांची चूक विलंबाच्या आकड्यात चार टक्क्यांच्या घरात जाते. प्रज्वलनाच्या अभ्यासात घड्याळापेक्षा उष्णतामानाचाच ताळा अधिक कसोशीने पाहावा लागतो तो यामुळेच.

पेट झाला हे दोन प्रकारांनी कळते. एक म्हणजे दाबाची उसळी. दुसरा प्रकार अधिक मनोहर आहे. इंधन फुटून जळू लागते तेव्हा एक ऑक्सिजन व एक हायड्रोजन यांचा मिळून झालेला हायड्रॉक्सिल मूलक उद्भवतो आणि त्याची तप्त अवस्था ३०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडते. तो डोळ्यांना दिसत नाही. नळीच्या भिंतीतील क्वार्ट्झच्या खिडकीमागे बसविलेला प्रकाशग्राहक तो टिपतो. आपल्या देशात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आघातनलिकांवर दीर्घकाळ काम झाले असून रासायनिक विक्रियांच्या अभ्यासासाठीही तेथे त्या वापरल्या गेल्या आहेत.

उलटी चाल

उष्णतामान वाढवीत गेले की विलंब कमी कमी होत जावा, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. आघातनलिका व संपीडन यंत्र यांचे आकडे एका आलेखावर मांडले असता मात्र मध्येच विलक्षण प्रकार दिसतो. डिझेलमधील लांब साखळीच्या हायड्रोकार्बनांचा विलंब साधारण ४३० ते ६३० अंशांच्या दरम्यान एका पट्ट्यात उष्णतामानाबरोबर वाढतो! अधिक तापविलेले मिश्रण अधिक उशिरा पेटते.

याचे मर्म मूलकांच्या साखळीत आहे. अशा साखळी विक्रियांवरील कार्याबद्दल सेमेनॉव्ह आणि इंग्लंडचे हिन्शेलवुड यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एक मूलक खर्ची पडून दोन वा अधिक मूलक निर्माण झाले की साखळीला फांद्या फुटतात व प्रज्वलन ओढवते. कमी उष्णतामानाला इंधनाच्या मूलकाला प्राणवायूचा रेणू चिकटतो, त्याची अंतर्गत फेरजुळणी होते, आणखी एक प्राणवायूचा रेणू येऊन मिळतो आणि शेवटी बनलेले नाजूक पेरॉक्साइड तुटून नवे मूलक बाहेर पडतात. उष्णतामान वाढले की ही चिकटण्याची क्रियाच सुटू लागते. प्राणवायू जोडला जाण्याऐवजी निसटतो व तुलनेने आळशी असे मूलक तयार होतात. फांदी खुंटते आणि विलंब लांबतो. सुमारे ७०० अंशांच्या पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड फुटून त्याचे दोन हायड्रॉक्सिल होऊ लागतात व वेग पुन्हा चढतो. त्याहून वर, हायड्रोजनचा अणू प्राणवायूच्या रेणूवर आदळून दोन मूलक निपजविणारी विक्रिया सूत्रे हाती घेते.

डंपरचे एंजिन नेमके या उलट्या पट्ट्याच्या आसपास काम करते, हे विसरता येत नाही. म्हणून तेथे पेट दोन टप्प्यांत होतो. प्रथम फिकट निळसर, जेमतेम उष्ण अशी ‘शीत ज्योत’ येते, थोडी विश्रांती पडते व मग खरा भडका होतो. दाब वाढविला तर प्राणवायू चिकटण्याच्या बाजूला बळ येते आणि हा पट्टा अधिक उष्णतामानाकडे सरकतो. साध्या हवेच्या दाबाखाली काढलेले आकडे एंजिनाला लावता येत नाहीत ते याच कारणास्तव.

झोतभट्टीतील कोळसा

कोळशाची गोष्ट याहून निराळी आहे, कारण येथे इंधन घन आहे. भिलाईच्या ‘महामाया’ नावाच्या आठव्या झोतभट्टीचे आकारमान ४०६० घनमीटर असून ती २०१८ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. अशा भट्टीत कोळशाची भुकटी झोताबरोबर आत सोडण्याची योजना केलेली असते. हेतू कोक वाचविण्याचा. कोक बनविण्याजोगा चांगला कोळसा आपल्या देशात थोडा आहे व तो मोठ्या प्रमाणात परदेशातून आणावा लागतो. भुकटी साध्या कोळशाची चालते, आणि दर किलोग्रॅम भुकटीमागे सुमारे आठ-नऊ दशांश किलोग्रॅम कोक वाचतो.

ही बचत भुकटी वेळेवर पेटण्यावर अवलंबून आहे. हवेचा झोत १००० ते १२०० अंश तापलेला, मोठ्या भट्टीत वातावरणाच्या तीन-चार पट अधिक दाबाचा आणि सेकंदास सुमारे दोनशे मीटर वेगाचा असतो. नळीच्या तोंडापासून झोताने कोकच्या थरात कोरलेल्या पोकळीच्या अंतापर्यंत जाण्यास कणाला सेकंदाचे दहा-वीस सहस्रांश मिळतात. तेवढ्यात ७५ मायक्रॉनच्या आतबाहेरचा तो कण तापला पाहिजे, त्यातील ज्वालाग्राही वायू बाहेर पडून पेटला पाहिजे आणि उरलेला कोळसाही शक्य तितका जळला पाहिजे. न जळलेली भुकटी वर जाऊन कोकच्या फटी बुजविते, भट्टीचा श्वास कोंडतो व बचतीची जागा नुकसान घेते.

प्रयोगशाळेत याचा अभ्यास उभ्या तप्त नळीतून एकेक चिमूट भुकटी खाली सोडून, किंवा तारेच्या जाळीवर कोळशाचा पातळ थर पसरून ती जाळी विजेने क्षणार्धात तापवून करतात. कण सेकंदास लक्षावधी अंश या वेगाने तापू लागला की त्यातून निघणारा वायूचा भाग सावकाश तापविण्याच्या प्रमाणित परीक्षेतील आकड्यापेक्षा बराच अधिक भरतो. नुसता परीक्षेचा आकडा पाहून कोळसा निवडणे म्हणूनच धोक्याचे ठरते. कोळशातील राखेचा प्रश्न उरतोच. ती मात्र जळत नाही. नंदिनीचा चुना खनिजासह सिंटरमधून वरून येतो आणि त्या राखेला आपल्यात सामावून मळीच्या रूपाने बाहेर नेतो.

पेट लागू नये म्हणून

जे गणित भट्टीच्या तोंडाशी कोळसा लवकर पेटावा म्हणून मांडतात, तेच गणित चार पावलांवर तो मुळीच पेटू नये म्हणून मांडावे लागते. कोळसा दळण्याच्या गिरणीत व भुकटीच्या टाक्यांत तीच बारीक पूड हवेत तरंगत असते. अडगळीच्या कोपऱ्यात साचलेला इंचभर थर आतल्या आत तापत राहू शकतो. त्यामुळे गिरणीतील वायूत प्राणवायूचे प्रमाण सुमारे बारा टक्क्यांच्या खाली राखतात, त्यावर मापकांचा पहारा ठेवतात आणि कार्बन मोनॉक्साइडचा अंश वाढू लागला की कोठेतरी धुमसणे सुरू झाले असे समजून नत्रवायू सोडतात.

कोक भट्टीतून निघणारा वायू तर याहून चपळ, कारण त्यात निम्म्याहून अधिक हायड्रोजन असतो. हायड्रोजनमिश्रित हवा पेटण्यास लागणारी ठिणगी इतकी दुबळी असते की माणसाच्या अंगावरील कपड्यांच्या घर्षणातून निर्माण होणारी वीजही पुरते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी भिलाईच्या कारखान्यात कोक भट्टीच्या वायूनळावर दुरुस्तीचे काम चालू असताना आग भडकली आणि दहाहून अधिक माणसे दगावली. आघातनलिकेतील आलेखावर हायड्रोजनचा विलंब मायक्रोसेकंदांत दाखविला जातो. मनुष्याला धोका ओळखून हात मागे घेण्यास सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो, म्हणजे दोन लाख मायक्रोसेकंद. म्हणून अशा नळावर हत्यार चालविण्यापूर्वी तो बंद करून पोलादी चकती घालून तोडावा लागतो, आतील वायू वाफेने वा नत्रवायूने संपूर्ण हुसकून लावावा लागतो, आणि दोन्ही टोकांशी नमुना घेऊन आत जळण्याजोगे काही उरले नाही याची खात्री झाल्यावरच कामाचा परवाना लिहून द्यावयाचा असतो.